शालिमारच्या संग्राह्य कुप्या

शालिमारच्या संग्राह्य कुप्या : पॅरिसच्या गेर्लँ या सुगंधनिर्मात्या घराण्याने 1925 मध्ये बाजारात आणलेल्या ‘शालिमार’ या सुगंधद्रव्याच्या ज्या कुप्या ठरावीक संख्येने किंवा ठरावीक काळापुरत्याच विकल्या गेल्या आणि म्हणून संग्राहकांनी जपून ठेवल्या, त्यांना ही संज्ञा लावतात. नेहमीच्या विक्रीतल्या, पण आता बनत नसलेल्या जुन्या कुप्याही व्यवहारात याच वर्गात धरल्या जातात. इंदूरच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. ज्या पॅरिसमध्ये ही कुपी घडली, त्याच पॅरिसमधून इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचे काही फर्निचर आले होते.

हे सुगंधद्रव्य झाक गेर्लँ यांनी 1921 मध्ये तयार केले. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल आणि व्हॅनिलाचा गोड, धुरकट वास हे त्याचे मुख्य अंग आहे. ‘झिकी’ या 1889 पासूनच्या जुन्या मिश्रणात एथिल व्हॅनिलिन हे व्हॅनिलासारख्या वासाचे कृत्रिम रसायन ओतून पाहताना शालिमार सुचले, अशी परंपरागत हकीकत आहे. शालिमार बागेवरून घेतलेल्या या नावाबद्दल सांगितली जाणारी, त्या बागेतली शाहजहान व मुमताज यांची प्रेमकथा मात्र तपासून घ्यावी लागते. लाहोरची शालिमार बाग 1641 मध्ये बांधायला घेतली गेली आणि मुमताजचा मृत्यू 1631 मध्ये झाला होता, त्यामुळे त्या बागेशी तिचा संबंध जोडता येत नाही. श्रीनगरची बाग जहांगीरने 1619 च्या सुमारास करवली. कथा टिकवायचीच असेल तर ती तिथेच टिकते. कुपीच्या आकाराचे मूळ मुघल बागांतल्या कारंज्यांच्या कुंडांत सांगितले जाते. पंख्यासारखी पसरट, खाली निमुळती होत बैठकीवर उभी राहणारी ती कुपी आणि तिचे निळे बूच पाहिले, की हे सांगणे पटण्यासारखे वाटते. पसरलेल्या पंखांसारख्या बाजूंमुळे फ्रेंच संग्राहक तिला ‘वटवाघूळ’ म्हणतात.

आकाराची कल्पना रेमों गेर्लँ यांची असून घडण बाकारा या स्फटिककाच कारखान्याची आहे. 1925 मध्ये पॅरिसला भरलेल्या सजावटी कलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ही कुपी मांडली गेली व तिला पारितोषिक मिळाले. ‘आर्ट डेको’ हे शैलीचे नाव याच प्रदर्शनावरून पुढे रूढ झाले. तेथे एमिल-झाक रूलमान या फर्निचरकाराने ‘संग्राहकाचे घर’ नावाचे दालन उभारले होते आणि झाँ पुइफोर्का या चांदीकाराची भांडीही त्या प्रदर्शनात होती. पुढे 1930 ते 1933 या काळात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी इंदुरात माणिकबाग बांधली, तेव्हा रूलमान आणि पुइफोर्का या दोघांच्याही वस्तू तिथे आल्या. काच, धातू आणि चकचकीत लाकूड यांच्याकडे पाहण्याची जी दृष्टी त्या राजवाड्यात दिसते, तीच हाताच्या पंजावर मावेल एवढ्या या कुपीतही आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते शालिमारची कुपी समजून घ्यायला माणिकबागेची जुनी छायाचित्रे पाहण्यासारखा दुसरा चांगला मार्ग नाही.

स्फटिककाच म्हणजे शिसे मिसळलेली काच. युरोपीय नियमानुसार तीत किमान 24 टक्के शिशाचे ऑक्साइड लागते. त्यामुळे ती जड होते, प्रकाश जास्त वळवते आणि पैलू पाडायला मऊ राहते. जुन्या कुपीचे काचेचे बूच त्याच कुपीच्या गळ्यात फिरवून घासून बसवले जाई, म्हणून एका कुपीचे बूच दुसरीला नीट बसत नाही. जोडी चुकू नये यासाठी कारागीर दोन्हींवर एकच आकडा कोरत असत, आणि हे जुळणारे आकडे आज अस्सलपणाची पहिली खूण मानले जातात. बाकाराची आम्लाने कोरलेली मुद्रा 1936 पासून आढळते. त्याआधी बहुतेक कागदी चिठ्ठीच असे आणि ती सहसा उरत नाही. मुद्रा नाही म्हणून कुपी बनावट ठरवण्याची घाई त्यामुळे करू नये. शिवाय मागणी वाढल्यावर पोशे द्यु कुर्व्हाल यांच्यासारख्या इतर काचकारखान्यांतूनही शालिमारच्या कुप्या येऊ लागल्या. बूच बसवल्यानंतर गळ्यावर पातळ पापुद्रा ओला करून ताणायचा, त्यावर दोऱ्याचे वेढे घ्यायचे, गाठ मारायची आणि दोऱ्याची टोके ब्रशने पिंजून फुलवायची, हे काम आजही खास कुप्यांसाठी हाताने केले जाते. या दोरबंदाला फ्रेंचमध्ये ‘बोद्रुशाज’ म्हणतात. तो शाबूत असणे म्हणजे कुपी एकदाही उघडली नसणे, आणि किमतीत सर्वांत मोठा फरक यानेच पडतो.

‘मर्यादित आवृत्ती’ हे शब्द मात्र सैलपणे वापरले जातात. कधी नेहमीच्याच कुपीला नवी फीत, नवा रंग किंवा नवी पेटी दिलेली असते. कधी आतला सुगंधच वेगळा असतो : 2010 पासून निघालेल्या ‘ओद आ ला व्हानिय’ मालिकेत व्हॅनिलावर भर होता आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांना मादागास्कर व मेक्सिको या व्हॅनिला पिकवणाऱ्या देशांची नावे होती, 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘मिलेझिम’ मालिकेत पहिली पाळी पुन्हा व्हॅनिलाचीच आली. कधी कुपीच बदलते. 2010 मध्ये दागिन्यांच्या रचनाकार जेड जॅगर यांनी नेहमीच्या कुपीचे रूप अधिक सडसडीत केले, तेव्हा ती मर्यादित आवृत्ती नव्हती; पण त्या बदलामुळे आधीच्या साध्या कुप्याही संग्राह्य ठरल्या. फ्रान्सच्या सम्राज्ञी युजेनीसाठी 1853 मध्ये केलेली, 69 मधमाश्यांची उठावनक्षी असलेली ‘मधमाशी कुपी’ हेही गेर्लँचे जुने पात्र असून, ती हाताने रंगवून किंवा सोन्याचा मुलामा देऊन तीत घराण्याचे निरनिराळे सुगंध भरून दिले जातात. काचेवर हात फिरला आहे की फक्त पेटीवर छपाई झाली आहे, हे पाहूनच आवृत्तीचे मोल ठरवावे. तळाशी छापलेल्या क्रमांकावर एवढ्यानेच विसंबू नये.

दुकानाच्या काचेत मांडण्यासाठी केलेल्या, रंगीत पाणी भरलेल्या मोठ्या कुप्यांना ‘फाक्तिस’ म्हणतात. त्या देखण्या असतात आणि त्यांचाही स्वतंत्र संग्रह होतो; मात्र सुगंधाची कुपी म्हणून त्या विकल्या गेल्यास ती फसवणूक होय. रिकामी अस्सल कुपी दुसऱ्याच द्रवाने भरून नवी म्हणून विकण्याचा प्रकार याहून जास्त आढळतो. शालिमारमधले व्हॅनिलाचे घटक वर्षांगणिक गडद होत जातात, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची म्हणून सांगितलेल्या कुपीतला द्रव फिकट पिवळा दिसला तर शंका घ्यावी.

मराठी घरांना कुपी नवी नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचे आणि अत्तरदाणीतला फाया हाताच्या पाठीवर टेकवायचा, ही रीत इंदुरातल्या मराठी घरांतही आहे. उन्हाळ्यात वाळा व मोगरा आणि थंडीत हिना, असा अत्तरांचा ऋतुक्रमही पाळला जातो. अत्तराचा पाया परंपरेने चंदनाचे तेल असतो. ते मुरते, कनोजला तर ते पूर्वी कातड्याच्या कुप्प्यांत ठेवून त्यातले पाणी हळूहळू उडू देत. शालिमार अल्कोहोलवर आधारलेले असल्याने त्याला ही रीत लागू पडत नाही. त्यातले अल्कोहोल घासलेल्या बुचाच्या फटीतूनही उडते, बर्गमॉटचे घटक हवेने व उजेडाने बिघडतात, आणि वासाचा पहिला, ताजा भाग आधी जातो. व्हॅनिलाचा तळ मात्र दशके टिकतो. जुनी कुपी उघडल्यावर प्रथम येणारा आंबूस दर्प काही मिनिटांत ओसरून खालचा गोडवा वर येतो, तो त्यामुळेच.

माळव्यात मे महिन्यात तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि लगेच पावसाळा सुरू होतो, तेव्हा जपणुकीचे नियम इथे जास्त कडकपणे पाळावे लागतात. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, पश्चिमेच्या खिडकीसमोर कुपी मांडणे म्हणजे दोन-तीन उन्हाळ्यांत ती गमावणे होय. ती तिच्याच पेटीत, उभी, घरातल्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या भिंतीच्या कपाटात ठेवावी. आडवी ठेवल्यास द्रव बुचाच्या फटीत शिरून दोरबंद सैल करतो. पावसाळ्यात काचेपेक्षा कागदाला जास्त धोका असतो. चिठ्ठी सुटते, पेटीला बुरशी आणि कसर लागते. सिलिका जेलच्या पुड्या त्यावर बऱ्यापैकी उपयोगी पडतात. अडकलेले बूच गरम पाण्याने किंवा ज्योतीने सोडवू नये, कारण स्फटिककाच तडकते. अल्कोहोलमध्ये ग्लिसरीनचे काही थेंब मिसळून सांध्यावर सोडावेत आणि एक-दोन दिवस वाट पाहावी.

हा द्रव ज्वलनशील असल्यामुळे साध्या टपालाने भरलेली कुपी मागवता येत नाही. इंदूरसारख्या शहरात ती बहुधा परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून येते, आणि अशा वेळी तिच्याबरोबरचा कागद हमखास हरवतो. माणिकबागेतले फर्निचर 1980 मध्ये मोनाकोच्या लिलावात विखुरले, तरी 2019 मध्ये पॅरिसच्या सजावटी कला संग्रहालयाला त्यातल्या अनेक वस्तू पुन्हा एकत्र मांडता आल्या, कारण त्या कोणी केल्या आणि कोणासाठी केल्या याच्या नोंदी उरल्या होत्या. कुपी कोणी, कोणत्या साली, कोणत्या शहरातून आणली, एवढे तरी पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पावतीसह पेटीच्या तळाशी ठेवावी. शाई वापरू नये. द्रव झिरपला तर ती पसरते आणि पेटीलाही डाग पडतो.