पिकअपचं फोर बाय फोर न लागणे

नॉब किंवा लिव्हर फोर-हायवर (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) टाकला तरी पुढच्या चाकांना ताकद जात नाही, याला गॅरेजमध्ये सगळे 'फोर बाय फोर लागत नाही' असंच म्हणतात. ही नोंद पार्ट-टाइम प्रकाराची, म्हणजे एरवी गाडी मागच्या चाकांवर पळते आणि गरज पडली की पुढची चाकं आपण जोडतो. नाशिककडे ही गरज इगतपुरी-त्र्यंबक-पेठ पट्ट्यात पावसाळाभर असते, आणि दिंडोरी-निफाडच्या काळ्या मातीत तर टोमॅटोचे क्रेट भरून शेतातून डांबरीपर्यंत यायचं असतं, नेमकं तेव्हाच कळतं की लागत नाहीये.

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असतो, म्हणजे ताकद पुढच्या चाकांकडेही वळवणारा डबा, हा पहिला जोड. त्यातून एक प्रोपेलर शाफ्ट (फिरणारा लांब दांडा) पुढच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला जातो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच्याही पुढे हबपाशी (चाकाच्या मध्याशी) किंवा अ‍ॅक्सलवर अजून एक जोड असतो. म्हणजे जोड दोन आहेत आणि दोन्ही बसले तरच चाक ओढणार. 'ट्रान्सफर गेला, उतरवावा लागेल' असं कोणी बघताक्षणी म्हणालं तर थांबा, कारण दुसऱ्या जोडाकडे त्याने पाहिलेलंच नसतं.

कोणता जोड बसत नाही ते घरीच कळतं. सपाट जागेवर मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढचं एकच चाक उचला आणि खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात जायचं नाही. फोर-हाय टाकून इंजिन बंद करा आणि पुढचा शाफ्ट हाताने फिरवून बघा. थोडासा इकडेतिकडे हलला तर चालेल, पण गरागरा फिरला तर ट्रान्सफर केसच लागलेला नाही. शाफ्ट घट्ट आहे पण उचललेलं चाक मोकळं फिरतंय, तर हब किंवा अ‍ॅक्सलचा जोड बसलेला नाही. व्हॅक्यूमवर (इंजिन चालू असताना पाइपमधून होणाऱ्या हवेच्या ओढीवर) चालणारे हब असतील तर चाकाची टेस्ट इंजिन चालू ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये आणि नॉब फोर-हायवरच ठेवून, बाहेर उभं राहूनच करायची, कारण इंजिन बंद केलं की व्हॅक्यूम उतरतो आणि चांगला हबसुद्धा सुटलेला दिसू शकतो.

ट्रान्सफरकडे दोष असेल तर आधी फ्यूज, रिले, बॅटरी आणि मग नॉबवाल्या गाडीत शिफ्ट मोटरचा (ट्रान्सफर जोडणाऱ्या छोट्या मोटरचा) प्लग बघा, ज्यात चिखलपाणी जाऊन पिना हिरव्या पडतात. मोटर वर्षभर हललीच नाही तर जाम होऊ शकते. नॉब फिरवल्यावर गाडीखालून 'घर्रर' असा छोटा आवाज येतो का ते इग्निशन ऑन ठेवून, शांत ठिकाणी ऐकायचं, आवाजच नसेल तर करंट पोहोचत नाही किंवा मोटर गेली.

हबकडे असेल तर व्हॅक्यूमचे पाइप. दिंडोरीजवळ आमच्या एका नातेवाइकांची गाडी चार दिवस गॅरेजला उभी होती, ट्रान्सफर खोलायचंच ठरलं होतं, आणि दोष निघाला मडगार्डच्या आत वळणावर पाइपला पडलेल्या नखाएवढ्या चिरेत. पाइप सरळ धरला की चीर दिसायची नाही, वाकवला की तोंड उघडायची! तो तुकडा कापून नवा पाइप टाकला आणि त्याच संध्याकाळी गाडी चिखलातून क्रेट घेऊन आली.

कधीकधी दोष गाडीत नसतोच. फोर-लोसाठी (हळू पण जास्त ओढीसाठीचा फोर बाय फोर) बहुतेक गाड्यांना पूर्ण थांबून न्यूट्रल लागतो, चालत्या गाडीत नॉब फिरवला तर डॅशबोर्डवरची फोर बाय फोरची लाइट नुसती लुकलुकत राहते. आतल्या गिअरच्या दातावर दात आला तरी जोड बसत नाही, तेव्हा दोन-चार मीटर हळू पुढेमागे घ्यायची. पुढचे टायर नवे आणि मागचे घासलेले असतील तर चाकांच्या फेऱ्यांत फरक पडून ताण येतो, त्याने लागायला आणि सुटायला दोन्हीला त्रास होतो. टायर सारखे असले तरी वळणावर असाच ताण येतो, म्हणून कोरड्या डांबरीवर, खासकरून वळणावर, फोर बाय फोर टाकून बघू नये, मातीच्या रस्त्यावर बघावं.

महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर टाकून थोडं चालवलं की मोटर आणि हब मोकळे राहतात. ओढ्यातून गाडी काढली असेल तर ट्रान्सफर आणि पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल बघा, दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, लगेच बदला, आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, कारण काही ट्रान्सफर केसना गिअर ऑइल चालत नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल लागतं.