स्विच बदलत गेला: बूस्ट कन्व्हर्टरची पार्श्वभूमी

३.७ व्होल्टच्या एका लिथियम सेलवर ५ किंवा १२ व्होल्टचं काही चालवायचं असलं की आज एमटी३६०८ या चिपचा बोटाएवढा बोर्ड लावला जातो. तो बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे कमी व्होल्टेज वाढवून देणारा सर्किट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. बोर्डावर मोजून थोडे भाग असतात: एक कॉइल, सहा पायांची चिप, एक डायोड, दोन कपॅसिटर, एक प्रीसेट (आउटपुट ठरवायचा, पेचाने बदलता येणारा रेझिस्टर). यातली कॉइल आणि तिचं वागणं जवळजवळ दोनशे वर्षांपासून माहीत आहे. बदलत गेला तो स्विच. नवखा माणूस ज्या चुकांनी बोर्ड जाळतो, त्यांची कारणंही या जुन्या इतिहासातच सापडतात.

लांब तारेतून वाहणारा बॅटरीचा करंट तोडला की तोडल्या जागी मोठी ठिणगी उडते, हे अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्ये मांडलं. कॉइलमध्ये करंट वाहत असताना तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. वाट तुटली तरी कॉइल तो करंट तसाच पुढे रेटू पाहते आणि त्यासाठी हवं तेवढं व्होल्टेज उभं करते. बूस्टचं मूळ तत्त्व एवढंच: स्विच चालू असताना कॉइल भरते, तो तुटला की तिचा करंट वाढीव व्होल्टेजने डायोडमधून आउटपुटकडे जातो. आयर्लंडमधल्या मेनूथ इथल्या महाविद्यालयात निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये दोन गुंडाळ्यांची इंडक्शन कॉइल केली. तिच्यात स्विचचं काम करंट पुन्हा पुन्हा तोडणारी यांत्रिक योजना करत असे. प्रत्येक तोडीला संपर्कबिंदू जळत. १८५३ मध्ये फिझो यांनी संपर्काला समांतर कपॅसिटर लावला आणि ठिणगी पुष्कळ कमी झाली. आज स्विचच्या पायावर उसळणारं व्होल्टेज दाबायला स्नबर लावतात, त्याचा हा पूर्वज.

१९३० च्या दशकात मोटारींत रेडिओ आले. त्यांच्या व्हॉल्व्हना (काचेच्या निर्वात नळ्यांना) दोनशेच्या वर व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी बहुधा ६ व्होल्टची. मध्ये व्हायब्रेटर आला. पत्र्याच्या डबीत सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा थरथरणारी पट्टी, पुढे ट्रान्सफॉर्मर आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर. काही व्हायब्रेटरांत संपर्कांची दुसरी जोडी असे. ती त्याच तालावर उघडझाप करून आउटपुटचं रेक्टिफिकेशनही करत असे, म्हणजे वेगळा रेक्टिफायर व्हॉल्व्ह नको. ही कल्पना लक्षात ठेवावी, शेवटी ती परत येते.

ट्रान्झिस्टर आल्यावर हलणारा भाग गेला. १९५० च्या दशकात जॉर्ज रॉयर यांचा दोन ट्रान्झिस्टरचा, संपृक्त होणाऱ्या (चुंबकत्व आणखी न मावणाऱ्या) गाभ्याचा सर्किट आला. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये १.५ व्होल्टच्या एका सेलवरून सुमारे ३०० व्होल्ट तयार होत, तेही याच कुळातलं. फ्लॅश भरताना चढत जाणारी बारीक शीळ ही त्या स्विचिंगचीच. (वापरून टाकलेल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश सुटे भाग काढायला उघडणाऱ्यांनी आधी त्याचा कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करावा. सेल काढल्यावरही तो भरलेला राहतो आणि त्याचा धक्का गंभीर असतो.)

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांच्या हाती बूस्ट खऱ्या अर्थाने आला तो एमसी३४०६३ सारख्या चिपमुळे. आउटपुट ताडून पाहायला १.२५ व्होल्टचा संदर्भ, ताल देणारा ऑसिलेटर आणि दीड अँपिअरचा स्विच, सगळं आठ पायांत. ती अजूनही मिळते आणि शिकायला उत्तम आहे, पण एका सेलवर निराशा करते. तिचा डार्लिंग्टन (दोन ट्रान्झिस्टर एकापुढे एक जोडलेला) स्विच स्वतःच सुमारे १ व्होल्ट खातो. ३.७ पैकी १ तिथेच गेला, पुढे डायोडचा वाटा वेगळा. त्यात कोणी घरात पडलेला १एन४००७ लावला तर संपलंच. तो ५० हर्ट्झच्या कामाचा डायोड आहे. त्याला बंद व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात करंट आउटपुटकडून उलटा येतो आणि डायोड व स्विच दोन्ही तापतात. तिथे १एन५८१९ सारखा शॉट्कीच, म्हणजे झटकन बंद होणारा डायोड हवा.

मॉस्फेट हा वेगवान ट्रान्झिस्टर स्विच म्हणून चिपमध्येच बसला आणि वेग वाढला. एमसी३४०६३ ची कमाल १०० किलोहर्ट्झ, एमटी३६०८ ची १.२ मेगाहर्ट्झ. स्विच जितका वेगवान, तितकी दर फेरीला कमी ऊर्जा साठवावी लागते, म्हणून कॉइल शंभर-दोनशे मायक्रोहेन्रीवरून २२ वर आली. बोर्ड लहान झाला तो यामुळे.

वेग वाढला तरी हिशेब बदलला नाही. इनपुटचा करंट म्हणजे आउटपुटची शक्ती भागिले इनपुट व्होल्टेज आणि कार्यक्षमता यांचा गुणाकार. ५ व्होल्ट १ अँपिअर हवा असेल आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर ३.७ व्होल्टच्या सेलमधून सुमारे १.६ अँपिअर जातो, सेल ३ व्होल्टवर आला की जवळजवळ २. १२ व्होल्ट १ अँपिअरसाठी ३.८ लागतील, तेही सरासरी. कॉइलमधलं शिखर त्याहून वर आणि चिपची मर्यादा ४ अँपिअर. म्हणून ते या बोर्डाचं काम नव्हे. ब्रेडबोर्डवर प्रकरण आणखी बिघडतं. वाटेत ०.१ ओहम असला तर २ अँपिअरला ०.२ व्होल्ट पडतात. इनपुट पडलं की कन्व्हर्टर जास्त करंट ओढतो, मग ते आणखी पडतं. इनपुटच्या तारा आखूड, जाड आणि डाग दिलेल्याच (सोल्डर केलेल्या) हव्यात.

लोड एकदम वाढल्यावर व्होल्टेज का डगमगतं, याचं गणित १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात मिडलब्रुक आणि स्लोबोदान चूक यांनी मांडलेल्या पद्धतीने नीट करता येऊ लागलं. लोड वाढला की नियंत्रक स्विच जास्त वेळ चालू ठेवतो. पण स्विच चालू असताना कॉइलचा करंट आउटपुटकडे जातच नाही, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत आउटपुट उलट आणखी खाली येतं. यामुळे बूस्टचं नियंत्रण मुद्दाम संथ ठेवावं लागतं. ईएसपी८२६६ हा वायफायचा मायक्रोकंट्रोलर वायफायवर पाठवायला लागताच रीसेट होतो त्यामागे अनेकदा हेच असतं. त्याच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरचा (कमी आंतरिक रोधाचा) कपॅसिटर लावावा. याहून फार मोठा नको. सुरू होताना तो भरणारा करंट कॉइल आणि डायोडमधून थेट जातो, त्यावर चिपचा ताबा नसतो.

ही थेट वाट साध्या बूस्टमध्ये कायमची आहे. चिप बंद करायला तिचा एनेबल पाय खाली ओढला तरी आउटपुटवर इनपुटपेक्षा थोडं कमी व्होल्टेज राहतंच. आउटपुट शॉर्ट झालं तर सेलच शॉर्ट होतो. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून ९ काढता येत नाहीत, त्याला व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर लागतो. शिवाय एमटी३६०८ इनपुट २ व्होल्टपर्यंत उतरलं तरी चालतो, म्हणजे लिथियम सेल खराब होईपर्यंत. संरक्षण सर्किट असलेलाच सेल वापरावा.

एमटी३६०८ बोर्डाचा सर्वांत कच्चा भाग प्रीसेट. फीडबॅकचा (आउटपुटचा जो हिस्सा चिपला परत दिला जातो त्याचा) संदर्भ ०.६ व्होल्ट, खालचा रेझिस्टर बहुधा २.२ किलोओहम, वरचा हा १०० किलोओहमचा बहुफेरी प्रीसेट. तो पूर्ण टोकाला असेल तर आउटपुट जवळजवळ २८ व्होल्ट. म्हणून लोड न जोडता आधी मल्टीमीटर लावावा, मग पेच फिरवावा. सुरुवातीच्या कित्येक फेऱ्यांत काहीच बदललं नाही तरी बोर्ड खराब समजू नये. सेट केलेला आकडा इनपुटच्या खाली असेल तर आउटपुट हलत नाही. प्रीसेटचा आतला संपर्क सुटला तर फीडबॅक शून्यावर जातो आणि आउटपुट बेफाम वर चढतं. कायमच्या कामात तो काढून स्थिर रेझिस्टर लावावा: १५ आणि १ किलोओहम सलग जोडले की ४.९६ व्होल्ट मिळतात.

एक्सएल६००९ या दुसऱ्या बूस्ट चिपचे मोठे बोर्ड घेताना वेगळी सावधगिरी लागते. खरी चिप ४०० किलोहर्ट्झवर चालते. बाजारातल्या कित्येक बोर्डांवर त्याच नावाने सुमारे ५० किलोहर्ट्झची जुन्या एलएम२५७७ च्या जातीची चिप असते, कॉइल मात्र ३३ मायक्रोहेन्रीचीच. इतक्या संथ स्विचला ती अपुरी पडते. गाभा संपृक्त होतो, करंट उसळतो आणि चिप छापील मर्यादेच्या बऱ्याच आधी भाजते. स्विचच्या पायावर ऑसिलोस्कोप लावला की लगेच कळतं.

नव्या चिपांत डायोडही गेला. त्याच्या जागी दुसरा मॉस्फेट आला, आणि तो मुख्य स्विचच्या तालावर उघडझाप करतो. व्हायब्रेटरमधली ती दुसरी जोडी सिलिकॉनमध्ये उतरली. टीपीएस६१०२३ सारखी चिप बंद केली की आउटपुट इनपुटपासून खरोखर तुटतं. तिचं आउटपुट ५.५ व्होल्टपर्यंतच आहे, १२ व्होल्टला ती चालत नाही. पण एका सेलवरून ५ व्होल्ट काढायचे असतील तर निवड तिचीच करावी.