सामायिक विद्युत दुचाकी (कोल्हापूर)

सामायिक विद्युत दुचाकी : अनेकांनी आळीपाळीने, थोड्या वेळापुरती वापरायची विजेवरची स्कूटर किंवा सायकल. कुलूप मोबाइलवरून उघडते, भाडे मिनिटांवर वा तासांवर पडते आणि गाडी घेणाराच ती चालवतो. महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये मान्यता दिलेली विद्युत बाइक टॅक्सी चालकासह मिळते. म्हणून ती या नोंदीत घेतलेली नाही.

उगम : बहुतेक अभ्यासक आरंभ ॲम्स्टरडॅममधील 1965 च्या ‘पांढऱ्या सायकलीं’पासून धरतात. प्रोव्हो या तेथील बंडखोर तरुणांच्या चळवळीतील ल्यूट स्खिमेलपेनिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या रंगवलेल्या सायकली बिनकुलपाच्या रस्त्यावर ठेवल्या. त्या चोरीला गेल्या, कालव्यात फेकल्या गेल्या, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. सायकल कुलपाविना सोडणे नियमाबाहेर असल्याने पोलिसांनीच त्या उचलून नेल्या, हे वृत्त अधिक ग्राह्य दिसते. सायकली जेमतेम दहाच्या आसपास होत्या, असे स्खिमेलपेनिंक यांनी पुढे सांगितले. ला रोशेल (फ्रान्स) येथील पिवळ्या सायकलींचे वर्ष कोठे 1974, तर कोठे 1976 दिलेले असते. कोपनहेगनमध्ये 1995 साली नाणे टाकून सुटणारी सायकल आली, फ्रान्समधील रेन शहरात 1998 साली कार्डाची. अभ्यासक पॉल डिमायो यांनी 2009 मध्ये या क्रमाच्या तीन पिढ्या (बिनकुलपाची, नाण्याची, कार्डाची) मांडल्या; सूझन शाहीन व सहकारी अभ्यासकांनी लगेच चौथीही मांडली. या पिढ्या कुलपाच्या तंत्रावर पाडल्या आहेत. गाडी नेणाऱ्याची ओळख कशी पटवतात, ही कसोटी लावली तर चित्र अधिक स्पष्ट होते.

विजेचा प्रवेश सामान्यतः 2010 नंतरचा मानतात : सॅन फ्रान्सिस्कोतील भाड्याच्या स्कूटर (2012), सँटा मोनिकातील उभ्याने चालवायच्या स्कूटर (2017). तथापि ॲम्स्टरडॅममध्येच 1974 साली ‘विटकार’ ही विजेवरची तीनचाकी सभासदांना किल्लीवर मिळू लागली होती आणि तीही स्खिमेलपेनिंक यांचीच कल्पना. वीज आणि सामायिक वापर यांची सांगड निदान तेवढी जुनी आहे.

ओळखीची कसोटी लावल्यास महाराष्ट्रातील तासाच्या भाड्याची सायकलही या परंपरेत बसते. कोल्हापुरासह गावोगावच्या सायकल दुकानांत ही पद्धत साधारण 1990 च्या दशकापर्यंत चांगली रुळलेली होती. मडगार्डवर रंगाने घातलेला नंबर, वहीत नाव आणि नेल्याची वेळ, अनोळखी गिऱ्हाइकाला कोणा माहीतगाराचा हवाला. सायकल त्याच दुकानी परत द्यावी लागे, एवढाच मोठा फरक. पाश्चात्त्य वर्गीकरणांत या वहीला जागा मिळालेली नाही आणि ही उणीव भरून काढायला हवी.

भारत : म्हैसूरची ‘ट्रिन ट्रिन’ सायकल सेवा जून 2017 मध्ये सुरू झाली, पुण्यात त्याच वर्षाच्या अखेरीस सायकली आल्या. बंगळूरमध्ये ‘युलू’ या कंपनीने 2019 पासून विजेवरच्या गाड्या उतरवल्या. तेथे मेट्रो स्थानकापासून कचेरीपर्यंतचा टप्पा आणि घरपोच माल पोहोचवणाऱ्यांची दिवसभराची फेरी हे दोन उपयोग ठळक आहेत. ताशी 25 किमी.पेक्षा कमी वेग आणि 250 वॉटपर्यंतची मोटर असलेल्या, वजनाच्या अटीत बसणाऱ्या गाडीला नोंदणी वा परवाना लागत नाही. लायसन नसलेल्या विद्यार्थ्याला ती म्हणूनच सोयीची पडते.

कोल्हापूर : महानगरपालिका क्षेत्र 66.82 चौ. किमी., लोकसंख्या 5,49,236 (2011). मध्यवर्ती बस स्थानकापासून अंबाबाई मंदिर आणि शिवाजी विद्यापीठ ही दोन्ही ठिकाणे अशा गाडीच्या सहज आवाक्यात आहेत. एस.टी. किंवा केएमटीतून (महापालिकेच्या शहर बसमधून) उतरल्यावरचा टप्पा हीच येथील खरी गरज. महाद्वार रोड, पापाची तिकटी या भागात गाडी लावायला जागा मिळणे कठीण. एकच गाडी दिवसभर अनेकांच्या हाती फिरली, तर तेवढी जागा मोकळी होते. चढही विचारात घ्यावा लागतो : पंचगंगेच्या घाटाकडून विद्यापीठाच्या माळाकडे जमीन उंचावत जाते. साध्या सायकलीवर दमछाक होते, तेथे मोटर उपयोगी पडते.

वापराच्या सवयी मात्र गाडीच्या रचनेशी जुळत नाहीत. येथे डबलसीट जाणे हा रोजचा रिवाज आहे : कॉलेजचे मित्र, मंडईला निघालेले नवरा-बायको. कमी वेगाच्या सामायिक गाड्या बहुधा एकट्यासाठी बांधलेल्या असतात. मागे माणूस बसला की चढाला वेग पडतो आणि बॅटरी लवकर उतरते. कोल्हापुरासाठी दोघांची गाडी हवी.

पूर : ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत शाहूपुरीची कुंभार गल्ली, दसरा चौकाचा परिसर आणि रमणमळा येथे पाणी शिरले. पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी पुढे काही दिवसांनीही पेटू शकते. म्हणून चार्जिंगची आणि बॅटरी बदलण्याची ठिकाणे पूररेषेच्या, म्हणजे निळ्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) या दोन्ही रेषांच्या बाहेरच असावीत, आणि पंचगंगेची पातळी वाढू लागताच नदीकाठच्या पेठांतील गाड्या वरच्या भागात हलवाव्यात.