अल्झायमरचे दोन रिपोर्ट: जनुक काय सांगतं, मार्कर काय सांगतो

एका रिपोर्टवर ‘एपीओई ई३/ई४’ असं लिहिलंय. दुसऱ्यावर ‘पी-टाऊ २१७’, पुढे आकडा आणि शेजारी नॉर्मलची मर्यादा. पहिला रिपोर्ट जनुकाचा; दुसरा मार्करचा, म्हणजे आजाराची खूण म्हणून मोजल्या जाणाऱ्या प्रथिनाचा. रक्त दोन्हींसाठी एकाच दंडातून घेतलेलं असू शकतं. घरातली माणसं दोन्ही कागद वाचून एकच अर्थ काढतात: झालाच आजार. हा घोळ मिटवणं मला फार गरजेचं वाटतं, कारण त्यापायी माणसं वर्षानुवर्षं भीतीत काढतात.

पहिली तपासणी जन्मल्या दिवशी केली असती तरी रिपोर्ट हाच आला असता. एपीओई हे १९व्या गुणसूत्रावरचं जनुक. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. ई२, ई३ आणि ई४ हे त्याचे प्रकार. ई४चा अल्झायमरशी संबंध १९९३ मध्ये पुढे आला. ई४ची एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट धरतात, दोन असतील तर आठ ते बारा पट. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. इतर वंशांत ते बदलतात. एक ई४ असूनही म्हातारपणापर्यंत स्मरणशक्ती शाबूत राहिलेली माणसं पुष्कळ आहेत, आणि एकही ई४ नसलेले रुग्णही पुष्कळ.

एपीपी, पीएसईएन१ आणि पीएसईएन२ या जनुकांची गोष्ट वेगळी. त्यांतला रोगकारक बदल वारशाने आला तर आजार जवळजवळ ठरलेलाच, तोही बहुधा साठीच्या आत. पण असे रुग्ण शंभरात एकही भरत नाहीत. आजीला ऐंशीव्या वर्षी विस्मरण सुरू झालं, म्हणून नातवाने या जनुकांची धास्ती घेण्याचं कारण नाही.

मार्कर मात्र मेंदूत आज काय चाललंय ते सांगतो, म्हणून तो काळानुसार बदलतो. पाठीतून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढून तपासलं, तर अल्झायमरमध्ये त्यातलं अमिलॉइड बीटा ४२ हे प्रथिन कमी झालेलं दिसतं. मेंदूत अमिलॉइड साचतं आणि पाण्यात ते घटतं, हे ऐकायला उलटं वाटेल. पण ते मेंदूतल्या गाठींत अडकून पडतं, म्हणून पाण्यात कमी उतरतं. पी-टाऊ मात्र वाढतं. अमिलॉइडच्या गाठी मेंदूच्या पेट (PET) स्कॅनवर थेट दिसतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने रक्तातल्या पी-टाऊ २१७ आणि अमिलॉइड बीटा ४२ यांचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीला मान्यता दिली. ती लक्षणं असलेल्या ५५ वर्षांपुढच्यांसाठी आहे.

मार्कर पॉझिटिव्ह म्हणजे स्मृतिभ्रंश झालाच, असंही नाही. अमिलॉइड साचायला लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीच सुरुवात होऊ शकते. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तरी रक्तातलं पी-टाऊ वाढलेलं दिसू शकतं.

जनुक आणि मार्कर या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा वेगळ्या चालतात, ते कोलंबियातल्या एका बाईंमध्ये दिसलं. त्यांच्या घराण्यात पीएसईएन१मधला बदल आहे आणि बहुतेकांची स्मरणशक्ती चव्वेचाळिशीच्या आसपास ढासळू लागते. त्यांच्यातही तो बदल होता, मेंदूत अमिलॉइड भरपूर साचलं होतं, तरी सत्तरी गाठेपर्यंत विस्मरण नव्हतं. २०१९ मध्ये याचा अहवाल आला. टाऊचा साठा मात्र त्यांच्यात कमी होता, आणि एपीओईच्या दोन्ही प्रतींत ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मीळ बदल सापडला. त्यानेच त्यांना वाचवलं असावं, असं संशोधकांना वाटतं.

उपचारात हे दोन कागद एकत्र येतात. लेकानेमॅबसारखं अमिलॉइड हटवणारं औषध द्यायचं तर आधी मार्करवरून मेंदूत अमिलॉइड असल्याची खात्री करतात. मग एपीओई पाहतात, कारण ई४च्या दोन प्रती असणाऱ्यांना या औषधाने मेंदूत सूज येण्याचा आणि बारीक रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो. रुग्णाच्या मुलाला स्वतःला काहीच त्रास नसेल, तर त्याला सहसा यांतली कुठलीच तपासणी करायला सांगत नाहीत.