स्वच्छ सेवा सहकारी संस्था, पुणे

पुणे शहरात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या कचरावेचकांची सहकारी संस्था. महापालिका, कष्टकऱ्यांची संघटना आणि भंगाराचा व्यापार यांची सांगड तिच्या कामात पडलेली असल्याने सार्वजनिक प्रश्नावरील त्रिपक्षीय सहकार्याचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख होतो. सभासद तीन हजारांहून अधिक. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही प्रामुख्याने दलित समाजातील.

संस्थेचा आरंभ केव्हापासून धरावा, याविषयी एकमत नाही. प्रशासनाच्या अंगाने पाहणारे २००८ चा महापालिकेशी झालेला करार प्रमाण मानतात. २००० च्या घनकचरा नियमांनी घरोघरी संकलन आवश्यक ठरवले, त्यासाठी पालिकेला यंत्रणा हवी होती आणि त्या गरजेतून ही संस्था निघाली, अशी त्यांची मांडणी. सहकारी नोंदणी मात्र कराराच्या आधीची, बहुधा २००७ मधील. आणि प्रायोगिक संकलन त्याहीपूर्वी, २००५-०६ च्या सुमारास सुरू झालेले दिसते. कामगार चळवळीचे अभ्यासक आणखी मागे जातात. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्यांनी कोरेगाव पार्क भागातील काही कचरावेचक स्त्रियांना घरातच वेगळा केलेला कचरा मिळवून दिला होता. त्याच भागात एका खासगी व्यावसायिकाने गाडी फिरवून कचरा उचलायला सुरुवात केली, तेव्हा या स्त्रियांचा माल हातचा जाऊ लागला. त्यांनी विरोध केला. पुढे मे १९९३ मधील मेळाव्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. १९९५-९६ च्या सुमारास पालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळाली, नंतर वैद्यकीय विमाही. ही दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते. पंधरा वर्षे संघटित झालेल्या या बायका नसत्या, तर पालिकेला करार करायला समोर कोणी नव्हते. कंत्राटदार तेवढा होता.

कामाची पद्धत अशी : दोघींच्या जोडीकडे साधारण दोनशे ते तीनशे घरे असतात. ढकलगाडीवर ओल्याची बकेट आणि सुक्याच्या गोण्या. फेरी संपली की वर्गवारी होते. पांढरा कागद, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पत्रा, काच असे निरनिराळे ढीग पडतात, कारण मिसळलेल्या मालाला भंगारवाला भाव कमी देतो. ओला आणि विक्री न होणारा कचरा पालिकेच्या गाडीत जातो. पालिका साधने आणि देखरेखीचा खर्च देते, पगार देत नाही. मिळकत घरटी मासिक शुल्काची (वस्त्यांमध्ये ते कमी असते) आणि मालविक्रीची. यावरच मुख्य आक्षेप आहे : शहराला स्वस्तात सेवा मिळते आणि भंगाराचा भाव पडला की झळ कचरावेचकांना बसते. आक्षेपात तथ्य आहे. मात्र सुक्या मालावरचा हक्क कचरावेचकांकडे राहिला, ही मूळ मागणी या व्यवस्थेने पाळली आहे.

माल बनवणाऱ्या उद्योगांचा सहभाग पातळ व उशिराचा. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे हाती येतात, म्हणून २०१३ मध्ये कचरावेचकांनी ते गोळा करून उत्पादक कंपन्यांना परत पाठवले. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम पुढे शहरात चालली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा उत्पादनांसोबत वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. कचरावेचकांच्या कामालाही त्याच नियमांत स्पष्ट मान्यता मिळाली.

पहिला करार पाच वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो संपला आणि दुसरा २०१६ मध्ये झाला. मधला काळ मुदतवाढीवर निघाला. २०२० च्या अखेरीस दुसऱ्याचीही मुदत संपल्यावर काम कंत्राटदारांकडे देण्याची चर्चा झाली आणि सभासद रस्त्यावर उतरले. त्यानंतरही मुदतवाढीवर काम चालू राहिले.