पिस्टनखालची पिचकारी

हवेने थंड होणाऱ्या काही मोटारींच्या इंजिनात प्रत्येक पिस्टनच्या पोटावर तेलाची धार मारणारी एक लहानशी तोटी असते. तिला ऑईल जेट म्हणतात, पण तिचे काम पाहता पिचकारी हेच नाव तिला अधिक शोभते. बोटाच्या पेरात मावेल एवढा हा भाग क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक हा फिरता दांडा सामावणाऱ्या धातूच्या कवचाच्या आत, त्या दांड्याला पेलणाऱ्या मेन बेअरिंगच्या बैठकीजवळ ठोकून बसवलेला असतो आणि क्रँककेसचे दोन्ही अर्धे वेगळे केल्याखेरीज तो हाती लागत नाही. त्यामुळे तो बदलायची संधी इंजिनाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येते.

ज्वलनाच्या वेळी सिलिंडरमधल्या वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर पिस्टनच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची ताकद ३०० अंशांच्या पुढे झपाट्याने ओसरू लागते. तरीही पिस्टन टिकतो, कारण माथ्यावर आलेली बरीचशी उष्णता पिस्टनभोवतीच्या रिंगांवाटे सिलिंडरच्या भिंतीत उतरते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात त्या भिंतीपलीकडे ९०–१०० अंशांचे पाणी खेळत असते. हवेवरच्या इंजिनात भिंतीचा वरचा भाग त्याहून कितीतरी तापलेला असतो. भिंतच गरम असली की पिस्टनमधून तिच्याकडे जाणारा उष्णतेचा ओघ मंदावतो आणि मग त्या उष्णतेला दुसरी वाट हवी असते. ती वाट म्हणजे तेल. म्हणूनच अशी इंजिने हवेने थंड होतात असे आपण म्हणत असलो, तरी त्यांना तेलाने थंड होणारी म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

पिस्टन काही अंशांनी थंड राहिल्याने काय साधते, हे साध्या गणितातून कळते. ९० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन ३० अंशांनी जास्त तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.०५ मिलिमीटरने वाढतो. हे अंतर साध्या कागदाच्या जाडीच्या निम्मे, पण पिस्टन आणि सिलिंडर यांमधली फटही मिलिमीटरच्या शतांशांतच मोजतात. फट संपली की तेलाचा थर तुटतो, पिस्टनच्या अंगावर ओरखडे उठतात आणि शेवटी तो जाम होतो.

पॉर्शे ९११ या गाडीचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसली आणि तिची हवेने थंड होणारी इंजिने १९९८ पर्यंत बनत होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांत पिचकाऱ्या आल्या. सहा सिलिंडर आडवे, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला. अशा मांडणीत पिस्टन कुशीवर पडल्यासारखा धावतो आणि धारेला त्याचा पाठलाग करावा लागतो. ४ बार (१ बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) दाबाखाली सुटलेल्या तेलाचा वेग, वाटेतला अडथळा सोडून दिला तर, सेकंदाला ३० मीटरच्या आसपास भरतो. ७० मिलिमीटर स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेवढा सरकणाऱ्या इंजिनात मिनिटाला ६००० फेऱ्यांवर पिस्टनचा सर्वाधिक वेग साधारण २२–२३ मीटर असतो. म्हणजे पिस्टन दूर पळत असतानाही धार त्याला गाठते, पण हातात फार शिल्लक राहत नाही. दाब घटला की ही शर्यत धार हरते.

या तोटीची खरी खुबी मात्र धारेत नसून झडपेत आहे. आत एक बारीक गोळी आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंग असते. दाब साधारण ३ ते ४ बारपर्यंत चढला की गोळी सरकते आणि तेल सुटते. इंजिन गरम होऊन आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) असताना दाब १ बारच्या आसपास उतरतो आणि त्या वेळी तेल बेअरिंगांना हवे असते. स्प्रिंग मेली किंवा गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला, तर तोटी उघडीच राहते. छिद्र १ मिलिमीटरचे धरले, तर १ बार दाबाला अशा सहा तोट्यांतून मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास तेल वाहून जाऊ शकते. असे इंजिन चालवणारा पडलेला दाब पाहून ऑईल पंपाला दोष देत बसतो.

म्हणून जुन्या तोट्या नुसत्या धुऊन पुन्हा वापराव्यात, हे मत मला पटत नाही. धुतल्याने कचरा निघेल, स्प्रिंगचा थकवा निघणार नाही. बेअरिंग फुटून इंजिन उघडले असेल, तर धातूचा चुरा तोटीत शिरलेला असणारच, असे धरून चालावे.

काढताना जुन्या तोटीच्या तोंडात आटे पाडून त्यात बोल्ट फिरवतात, बोल्टावर नळीचा तुकडा आणि वॉशर चढवून वरून नट आवळतात. क्रँककेस आधी सर्व बाजूंनी सारखी तापवली असेल, तर थोड्याच फेऱ्यांत बारीक ‘टक्’ ऐकू येतो आणि नट एकदम हलका होतो. १९७७ पर्यंतच्या अनेक ९११ गाड्यांच्या क्रँककेस मॅग्नेशियमच्या होत्या; त्यांत पक्कड घालून हिसके दिले, तर भोकाची कड फाटते आणि नवी तोटी सैल बसते.

नवी बसवण्याआधी तेलाचा मार्ग ब्रशने आणि दाबाखालच्या द्रावकाने साफ करावा, कारण आटे पाडताना पडलेला चुरा तिथेच वाट पाहत असतो. ठोकण्याचा दांडा तोटीच्या बाहेरच्या कडेवरच टेकला पाहिजे. घाव मध्यभागी बसला तर गोळीची बैठक वाकडी होते. खोली जुन्याइतकीच ठेवावी, काठ पंचाने हलका दाबून तोटी पक्की करावी, आणि क्रँक बसवल्यावर तो एक पूर्ण फेरा हाताने फिरवून कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) कुठे घासत नाही ना, हे पाहावे.

शेवटची चाचणी मात्र क्रँककेस मिटण्यापूर्वीच करायची. मार्गाला हातपंप आणि दाबमापक जोडून पातळ तेल हळूहळू चढवत न्यावे. २ बारला तोटीच्या तोंडावर थेंब दिसला, तर ती गळते. ४ बारच्या आसपास दोरीसारखी एकसंध धार उठून पिस्टन येणार त्या जागेच्या मध्यावर जायला हवी. फवारा उडाला, तर छिद्राच्या काठावर काहीतरी अडकले आहे. सहाही तोट्या जवळपास एकाच दाबाला उघडल्या आणि पंप सोडताच ठिबक थांबली, तरच क्रँककेसच्या जोडावर सीलंट लावायला घ्यावे.