कपाशीच्या जमिनीचा कस आणि शेतकऱ्याची नजर

जमिनीचा कस उतरला की प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब, सामू (आम्ल-विम्लता) आणि उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) मोजतात. कापूस पिकवणारा मात्र वेगळे पुरावे देतो: औत पूर्वीइतकं खोल जात नाही, पावसानंतर वर पापडी धरते, गांडुळं दिसेनाशी झाली, तेवढंच खत घालूनही बोंडं कमी लागतात. अशा खुणांना ऐकीव म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण अशीच एक खूण रसायनशास्त्रानेच उचलून धरली आहे.

माली, बुर्किना फासो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत कापूस ज्वारी-मक्याशी फेरपालट करून घेतात. तिथे जमीन थकल्याची ठळक खूण मानतात टारफुल्याला. हे तण ज्वारीसारख्या धान्यपिकांच्या मुळांवर जगतं. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळच्या मुळांतून पाझरणाऱ्या विशिष्ट रसायनांचा सुगावा लागला तरच रुजतं. यातलं पहिलं रसायन, स्ट्रायगॉल, १९६६ साली वेगळं केलं गेलं तेही कपाशीच्या मुळांच्या स्रावातून! गंमत म्हणजे टारफुल्याला कपाशीवर जगता येत नाही. बी फसून रुजतं आणि मरतं. मग झाडं असला घातक स्राव सोडतातच कशाला? याचा उलगडा २००५ मध्ये झाला. मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या बुरशीला हा स्राव जवळ आणतो. जमिनीत स्फुरद कमी, तितका स्राव जास्त. म्हणजे ‘टारफुला माजला, कस गेला’ या निरीक्षणामागे पक्कं कारण आहे.

सगळीकडे नजर इतकी अचूक ठरत नाही. घळ पडली की ती लगेच दिसते, पण साऱ्या रानावरून सारखा धुऊन जाणारा पातळ थर दिसत नाही. १ मिलिमीटर माती गेली, तर हेक्टरी साधारण १३ टन गेली. कपाशीच्या ओळी रुंद आणि सुरुवातीची वाढ सावकाश, त्यामुळे पहिल्या जोराच्या पावसात रान उघडंच असतं. खत वाढवत नेलं की ही झीज काही वर्षं उत्पन्नात उमटतही नाही. म्हणून ‘उतारा टिकून आहे’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तो टिकवायला खत किती वाढलं, हे आधी विचारावं.

क्षारांबाबत तर पीकच फसवतं. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप, १.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की मक्याचं उत्पादन घटू लागतं, कपाशी ७.७ पर्यंत तग धरते. मध्य आशियातल्या अरल समुद्राच्या खोऱ्यात १९६० नंतर अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं. पुरेशा निचऱ्याअभावी भूजल वर चढलं आणि क्षार पृष्ठभागावर साचले. पांढरा थर डोळ्यांना दिसतो, तोवर खाली बरंच काही घडून गेलेलं असतं. त्याआधीचा इशारा उगवणीत मिळू शकतो, कारण कोवळी कपाशी मोठ्या झाडाइतकी सोशिक नसते. मग रानात ठिकठिकाणी नांगे (न उगवलेल्या रिकाम्या जागा) पडतात, आणि दोष सहज बियाण्यावर ढकलला जातो.